पट्ट्या ठेवून गेलेले साबण

१

मानवजातीचा इतिहास म्हणजे अस्वच्छतेकडून स्वच्छतेकडे झालेली एक प्रदीर्घ वाटचाल होय. ही वाटचाल मंगळवारी सकाळी दुकानाचे शटर वर गेल्यावर थांबली, कारण साबण जागेवर नव्हते.

दुकान लहानसेच. पुढे काउंटर, मागे लाकडी मांडण्या आणि मांडण्यांवर हाताने केलेले साबण ओळीने मुरत पडलेले, एवढाच थाट. असा साबण केल्या दिवशी विकता येत नाही. तेल आणि क्षार आधी एकमेकांशी कडाडून भांडतात, मग हळूहळू निवळतात. त्याला दीड महिना जातो. संसारातही साधारण असेच असते, फक्त तिथे कोणी हवेशीर मांडणीवर ठेवत नाही.

सूनबाईंनी दिवा लावला, आणि मांडणीच्या फळ्या त्यांना प्रथमच पूर्ण दिसल्या. फळ्यांचा रंग तपकिरी होता, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

काउंटरवर मात्र एक चमत्कारिक गोष्ट होती. प्रत्येक साबणाभोवती एक कागदी पट्टी असते. त्या सगळ्या पट्ट्या काढून, रंगांप्रमाणे लावून, उडू नयेत म्हणून वर दगड ठेवून कोणीतरी नीट मांडून ठेवल्या होत्या. साबण गेले होते. त्यांचे कपडे घडी करून मागे राहिले होते.

सूनबाई खुर्चीत बसल्या. गुरुवारी हस्तकलेचे मोठे प्रदर्शन उघडणार होते. तिथे गाळा मिळावा म्हणून त्या तीन वर्षे अर्ज करत होत्या, यंदा कुठे मिळाला होता. पहिल्या दिवशी गाळा रिकामा दिसला तर तो काढून घेतला जाई आणि पुन्हा दारात उभे करत नसत. प्रदर्शन परवावर आलेले, आणि नवा साबण मुरायला दीड महिना. गणित सोपे होते, म्हणूनच रडू येत होते.

त्यांनी नवऱ्याला फोन केला. या गृहस्थांना आपण चिरंजीव म्हणू, कारण घरात अजून त्यांना तसेच वागवतात. चिरंजीव पोलिसांत जाऊ म्हणाले. काय चोरीला गेलं, असे पोलीस विचारतील, साबण म्हटल्यावर ते एकमेकांकडे बघतील, आणि आपल्याला ते बघणं सहन होणार नाही, असे सूनबाई म्हणाल्या. मग त्यांनी एकच अट घातली.

"काही झालं तरी आईंना कळता कामा नये."

आई म्हणजे सासूबाई. घरच्या शेगडीवर पहिला साबण घोटला तो त्यांनी. आजही घोटतात त्याच, सूनबाई विकतात. सासूबाईंचा रक्तदाब जरा चढाच असे, आणि ही बातमी त्याला आणखी एक जिना चढवणार होती.

पोलीस नकोत, आई नकोत. तेव्हा उरली आत्या.

२

आत्या म्हणजे सासूबाईंची नणंद. हिने उभी हयात एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली. छापायला जाणाऱ्या प्रत्येक ओळीतल्या चुका शोधायच्या, हे काम. शेकडो रहस्यकथा तिच्या नजरेखालून गेल्या होत्या, पण खून कोणी केला हे तिला एकीचेही आठवत नसे. 'खून'मधला 'खू' कुठल्या पानावर ऱ्हस्व पडला होता ते मात्र आजही सांगे. घरात संशय घेण्याचा रीतसर अनुभव तिच्याखेरीज कोणाला नव्हता.

ती आली, चष्मा लावला, आणि दुकान डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीने वाचून काढले.

"चूक कधी एकटी नसते," ती म्हणाली. "एक सापडली की शेजारी दुसरी दबा धरून असतेच. चला, सांगा."

कुलूप शाबूत होते. किल्ल्या तिघांकडे: सूनबाई, चिरंजीव आणि सासूबाई. सोमवारी दुकानाची सुटी. सूनबाई दिवसभर प्रदर्शनाच्या मैदानावर गाळ्याची मापे घेत होत्या, चिरंजीव ऑफिसात, सासूबाई घरी.

आत्याने पट्ट्या हातात घेतल्या. एकही फाटलेली नव्हती. हळूच सरकवून काढलेल्या. प्रत्येकीवर किंमत आणि वर साबणाचे नाव. गवती चहाचा तो 'पहाटेची कुजबुज'. संत्र्याच्या सालीचा 'उन्हाचा तुकडा'. ओटच्या भरडीचा 'मायेचा तळहात'. ही नावे सूनबाईंची. सासूबाई त्यांना हिरवा, पिवळा आणि खरखरीत म्हणत. लोक साबण घेत नाहीत, गोष्ट घेतात, असा सूनबाईंचा सिद्धांत होता. त्यावर गोष्टीला फेस येतो का, असा सासूबाईंचा प्रश्न होता. हा वाद इतकी वर्षे इतक्या गोडीने चालला होता की तो थांबला असता तर दुकानाचे काय झाले असते, सांगता येत नाही.

"चोर विकणारा असता तर पट्ट्या घेऊन गेला असता," आत्या म्हणाली. "म्हणजे चोराला गोष्ट नको होती. नुसता साबण हवा होता."

मांडणीच्या तळाशी एक ओळ तशीच शिल्लक होती. कोळशाच्या भुकटीचा काळा साबण, नाव 'मध्यरात्र'. हा शोध सूनबाईंचा स्वतःचा. तो कोणी विकत घेत नसे, आणि आता कळले की कोणी चोरतही नाही.

"चोराला साबणातलं कळतं," आत्याने नोंदवले, आणि सूनबाईंना त्या सकाळी दुसऱ्यांदा वाईट वाटले.

अलीकडे काही वेगळे घडले का, असे आत्याने विचारले. वेगळे म्हणजे चांगलेच घडले होते. शेजारचा रिकामा गाळा सूनबाईंनी घेण्याचे ठरवले होते, आणि रविवारी दारावर मोठा फलक लागला होता. आत्याने दाराबाहेर जाऊन, मान वर करून तो पुन्हा वाचला: 'आपल्या प्रेमामुळे आम्ही लवकरच दुकान वाढवत आहोत.' छापण्यापूर्वी तो तिनेच फोनवर तपासून दिला होता. एक चूक नाही. तिने त्याच्याकडे पहिलटकरणीने पाळण्याकडे पाहावे तसे पाहिले.

"वहिनींना सांगितलंस हे?"

सूनबाईंनी रविवारीच जेवताना सांगितले होते. आई, दुकान वाढवायचं ठरवलंय, तुम्हाला चालेल ना, असे अगदी रीतीने विचारले होते. आईंना इतका आनंद झाला की त्यांच्या डोळ्यांत पाणीच आले. धड जेवल्यासुद्धा नाहीत. चालेल म्हणाल्या आणि उठून गेल्या.

इतक्यात दारात कोणी खाकरले.

३

दारात मास्तर होते. शाळेतून निवृत्त झाले त्याला जमाना लोटला, पण छातीवर हात बांधून उभे राहण्याची सवय गेली नव्हती. हे दुकानाचे अगदी पहिले गिऱ्हाईक. साबण घरच्या खिडकीतून विकला जात होता तेव्हापासूनचे.

ते आत आले नाहीत. उंबऱ्यावरूनच सूनबाईंकडे पाहून म्हणाले की प्रयत्न केलात, हे महत्त्वाचं. यशापयश आपल्या हाती नसतं. अजून वय आहे तुमचं. एवढे बोलून त्यांनी रुमालाने नाक पुसले आणि ते निघून गेले.

सूनबाईंना गहिवरून आले. माणुसकी अजून शिल्लक आहे, असे त्या म्हणाल्या.  आत्या मास्तरांच्या पाठीकडे पाहत राहिली, जसे पूर्णविरामानंतर विनाकारण सुटलेल्या जागेकडे पाहावे.

पाठोपाठ समोरचे मेणबत्तीवाले आले. हेही हाताने माल करणारे, आणि म्हणून हाडाचे प्रतिस्पर्धी. भेट द्यायला निघालेला माणूस या गल्लीत आला की एक तर साबण घेई, नाही तर मेणबत्ती. दोन्ही घेणारा जन्माला यायचा होता. मेणबत्तीवाल्यांनी रिकाम्या मांडण्यांवरून नजर फिरवली. चेहऱ्यावर आश्चर्याची रेघ उमटली नाही.

"मांडण्या विकणार असाल तर आधी मला सांगा," ते हळू आवाजात म्हणाले. "बाहेरच्याला देऊ नका. चांगलं लाकूड आहे."

ते वळले तेव्हा वाऱ्याबरोबर एक वास आला. संत्र्याच्या सालीचा. ताजा, स्वच्छ, नुकती आंघोळ केल्यासारखा.

"तुमच्या अंगाला हा वास कसला?" आत्याने विचारले.

"मेणाचा," मेणबत्तीवाले म्हणाले, आणि जवळजवळ पळत रस्ता ओलांडून गेले.

सूनबाई पांढऱ्या पडल्या होत्या. "आत्या, मांडण्या रिकाम्या झाल्याचं मी अजून बाहेर कोणालाच सांगितलेलं नाही. मग याला कसं कळलं?"

"आणि मास्तर तुझं सांत्वन कशाबद्दल करून गेले?" आत्या म्हणाली.

४

आत्या लगेच समोरच्या दुकानात गेली. मेणबत्तीवाले वाती कापत होते. काल दिवसभर आपण इथेच बसून होतो आणि समोर चोरबीर कोणी फिरकला नाही, हे त्यांनी शपथेवर सांगितले. मग कोण आलं होतं, असे विचारताच त्यांना हातातल्या वातीविषयी अचानक अपार माया दाटून आली. ते तिला गाठ मारत राहिले. आत्या काही हलत नाही असे पाहून शेवटी एवढेच म्हणाले, "बाई, काही गोष्टी विचारू नयेत. त्या पोरीच्या जिवाला लागेल."

चोर चोरी करतो, पण जिच्याकडे चोरी केली तिच्या जिवाला लागेल म्हणून गप्प बसत नाही. आत्याला हे वाक्य पटेना. कर्ता बरोबर, क्रियापद बरोबर, आणि तरी वाक्य चुकलेले.

परत आल्यावर तिने सूनबाईंचा फोन मागून घेतला. दुकानाचा माल फोनवरूनही विकला जाई आणि लोक खाली अभिप्राय लिहीत. कोणी वैरी सापडतो का पाहावे, असा हेतू. वैरी सापडला नाही. फोटोत साबणाशेजारी ठेवलेली वाळकी डहाळी सोबत मिळाली नाही, अशी एकाची तक्रार होती, एवढेच. उलट 'चांदणी' नावाची एक भक्त सापडली. दर पंधरवड्याला साबण मागवणारी, आणि प्रत्येक वेळी भरभरून लिहिणारी. ही चांदणी आपला आधार आहे, सूनबाई म्हणाल्या. ज्या दिवशी काहीच खपत नाही, त्या दिवशी हिची मागणी येते. कोण कुठली, कधी भेट नाही.

आत्याने चांदणीचे अभिप्राय एकामागून एक वाचले. वाचता वाचता चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचले.

"चिरंजीवांना बोलाव," ती म्हणाली. "आणि तू जरा बाहेर जा."

चिरंजीव ऑफिसातून आले ते घाम पुसतच. आत्याने त्यांना काळ्या साबणाच्या ओळीपुढे बसवले आणि फोन समोर धरला.

"अत्यंत सुंगधी साबण. सुंगध दिवसभर टिकतो. घरभर सुंगध." तिने आवाजात काही न आणता वाचले. "चौथीत असताना मी तुझ्याकडून 'सुगंध' हा शब्द पानभर लिहून घेतला होता. अनुस्वार 'ग'वर असतो, 'सु'वर नाही. तेव्हाही पानभर 'सुंगध'च लिहून आणला होतास."

चिरंजीवांनी आधी छताकडे पाहिले, मग जमिनीकडे. मधे आत्या होती म्हणून तिथे पाहिले नाही. शेवटी मान खाली घालून म्हणाले, "आत्या, माझ्या ऑफिसच्या कपाटात साबण आहेत. खूप आहेत."

५

पण ते हे साबण नव्हते. हे गेल्या दोन वर्षांत जमलेले, पट्ट्यांसकट, वेष्टनासकट. बायको एखाद्या संध्याकाळी फोनकडे पाहत गप्प बसली की चिरंजीव स्वयंपाकघरात जात, पाणी पिण्याचे निमित्त करून चांदणी होत आणि एखादा 'उन्हाचा तुकडा' मागवत. माल ऑफिसातल्या शिपायाच्या घरच्या पत्त्यावर येई आणि तिथून ऑफिसात. तिथे कपाटात इतका साठला होता की साहेबांनी फायलींना येणाऱ्या वासाबद्दल चौकशी नेमली होती.

"तिला सांगू नकोस," चिरंजीव म्हणाले.

आत्या पाहतच राहिली. सुनेचे म्हणणे, सासूला सांगू नका. मेणबत्तीवाल्याचे म्हणणे, सुनेला विचारू नका. आणि आता हा. या प्रकरणात गुन्हेगार किती ते ठाऊक नव्हते, पण एकमेकांना सांभाळणारी माणसे वाजवीपेक्षा जास्त झाली होती.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी बोलायचे होते, पण चोरीचा चकार शब्द न काढता. सहज आले, असे म्हणत आत्या घरी गेली. आत्या आयुष्यात कुठेही सहज गेलेली नसल्यामुळे सासूबाईंनी लगेच चहा टाकला.

ओट्यावर साबणाचे साचे धुऊन पालथे घातले होते. सासूबाई एकेक साचा पुसत होत्या, जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळत होत्या आणि खोक्यात ठेवत होत्या. प्रदर्शन परवावर आलेले आणि यांचे साचे खोक्यात.

"गुंडाळून का ठेवताय, वहिनी?"

"लागायचे नाहीत आता लवकर," सासूबाई म्हणाल्या. आवाज शांत होता. शांत ठेवलेला होता.

आत्याने बोलणे सुनेकडे वळवले. सासूबाई मनापासून बोलल्या. पोर गुणाची आहे. माझा हिरवा-पिवळा साबण कोण घेत होतं, चार ओळखीचे. हिने त्याला नावं दिली, फोटो काढले, कुठल्या कुठे पोचवला. खपता खपता हाडं निघाली तिची. माणूस थकतं, वन्सं. एकट्या पोरीने किती ओढायचं? तिच्या मनाविरुद्ध तिला या साबणात घोटत ठेवायचं नाही, असं मी ठरवलंय.

आत्या ऐकत होती. उत्तरे मिळत होती, पण ती भलत्याच प्रश्नांची होती. एकाच पानावर दोन निरनिराळे लेख छापले जावेत तसे.

चहा देताना सासूबाईंच्या हातून बशी निसटून खाली गेली.

"जाऊ दे," त्या वाकत म्हणाल्या. "बशी वाढली."

तुकडे वेचायला आत्याही वाकली. वाकली ती तशीच राहिली. मग हळूहळू सरळ झाली, चहा तसाच टाकला आणि एका पायात स्वतःची व दुसऱ्यात वहिनींची चप्पल घालून रस्त्याला लागली.

दुकानासमोर येऊन तिने फलक आणखी एकदा वाचला. ज्यात एकही चूक नव्हती, तो फलक.

"अरे देवा," आत्या म्हणाली.

६

संध्याकाळी दुकानात सगळे जमले. सूनबाई, चिरंजीव, मास्तर, मेणबत्तीवाले. आणि सूनबाईंच्या विरोधाला न जुमानता आत्याने सासूबाईंनाही आणून खुर्चीत बसवले. रिकाम्या मांडण्या पाहून सासूबाईंचा रक्तदाब चढला नाही. त्या फक्त सुनेची नजर चुकवत होत्या, आणि सूनबाई त्यांची.

"हे दुकान रिकामं करवलं," आत्या म्हणाली, "ते सूनबाईंनीच."

 चिरंजीव उभे राहिले. आत्याने त्यांना हातानेच खाली बसवले.

"सकाळी मास्तर सांत्वनाला आले. चोरीची बातमी फुटण्याआधी. मेणबत्तीवाल्यांनी मांडण्या मागितल्या, तेही आधीच. म्हणजे यांना चोरीबद्दल वाईट वाटत नव्हतं. यांना दुसऱ्याच कशाबद्दल तरी वाईट वाटत होतं, आणि ते दाराबाहेर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे." तिने मास्तरांकडे पाहिले. "मास्तर, दिवा विझवला, असं तुमच्या आई म्हणायच्या का?"

"छे. अशुभ बोलू नये. दिवा वाढवला म्हणायची."

"बशी फुटली तर?"

"वाढली."

"आणि संध्याकाळी दुकान बंद करून, कुलूप लावून घरी यायचं, त्याला काय म्हणायचे?"

 मग मेणबत्तीवाले खाली पाहत म्हणाले, "दुकान वाढवलं."

सूनबाईंनी दाराबाहेर, फलकाच्या पाठीकडे पाहिले. आतून ती अक्षरे उलटी दिसत होती, आणि आता अर्थही उलटा दिसू लागला. आपल्या प्रेमामुळे आम्ही लवकरच दुकान बंद करत आहोत. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तो असा वाचला होता आणि आपल्या प्रेमात काय खोट राहिली, याचा विचार करत ते दोन दिवस झोपले नव्हते.

सासूबाईंच्या वडिलांचे भांड्यांचे दुकान होते. ते रोज दुकान वाढवूनच घरी येत. सुनेने जेवताना विचारले तेव्हा सासूबाईंना दुसरा अर्थ सुचलासुद्धा नाही; दुकानच बंद म्हणजे प्रदर्शनही रद्द, असे त्यांनी धरून टाकले. त्यांनी चालेल म्हटले, रात्रभर जागून काढली आणि सोमवारी बाजाराची चाकांची पिशवी घेऊन त्या दुकानात आल्या. ज्यांनी ज्यांनी इतकी वर्षे साबण घेतला त्यांच्या दारोदार गेल्या, प्रत्येकाला त्याच्या आवडीचा दिला, आणि सुनेपाशी विषय काढू नका, तिला कानकोंडं होईल, असे बजावून आल्या. मेणबत्तीवाल्यांनी पिशवी पायरीवरून उतरवून दिली. तो माल सवलतीत कुठेतरी फुंकून टाकला जाईल, हे सासूबाईंना बघवणार नव्हते.

"मग पट्ट्या का काढल्या, वहिनी?"

"किंमत होती त्यांच्यावर. देताना किंमत ठेवतात का कोणी?"

"आणि काळे का ठेवले?"

"ते कोणाला द्यायचे?" सासूबाई म्हणाल्या. "माणसं इतकी वर्षं आपल्याशी चांगली वागली."

सूनबाई खुर्चीसमोर खाली बसल्या.  "आई, मी बंद करतेय असं वाटलं तुम्हाला. मग मला एका शब्दाने विचारलं का नाहीत?"

"तू विचारलंस की, चालेल ना म्हणून. चालत नाही म्हटलं असतं तर माझ्यासाठी रेटत राहिली असतीस." सासूबाईंनी पदर बोटाला गुंडाळला. "बंद नाही करत तू?"

"शेजारचा गाळा तुमच्या कढईसाठी घेतलाय. घरच्या ओट्यावर वाकून वाकून खांदे गेले तुमचे. तुमच्या उंचीचा ओटा सांगितलाय."

 सुनेच्या केसांत कागदाचा कपटा अडकला होता, तो सासूबाईंनी काढला.

"हे सगळं खरं," आत्या घसा साफ करत म्हणाली, "पण फलक मी तपासला होता, हे इथल्या इथे राहू द्या. मुद्रितशोधकाने अक्षरं बघायची असतात. अर्थ ही लेखकाची जबाबदारी."

रहस्य उलगडले होते. मांडण्या मात्र रिकाम्याच होत्या, आणि गुरुवार कोणासाठी थांबणार नव्हता.

७

दिलेले परत मागायचे म्हणजे काय, हे ज्याने कधी मागितले आहे त्यालाच कळेल. सूनबाई म्हणाल्या, मी जाते. सासूबाई उठल्या.

"दिलं मी. मागणार मी."

सुरुवात जवळूनच करायची म्हणून त्यांनी मेणबत्तीवाल्यांपुढे हात केला. मेणबत्तीवाले कानापर्यंत लाल झाले. "माझा सुरू झालाय," ते म्हणाले. "काल दोनदा आणि आज सकाळी."

सूनबाईंचा चेहरा उतरला. सगळ्यांनीच सुरू केला असेल तर? दोन दिवसांत माणूस किती धुतो? आत्या म्हणाली, ते माणसावर अवलंबून आहे.

पण मास्तर तोवर घरी जाऊन आले होते. त्यांच्या हातात साबण होता, जसाच्या तसा, कडा शाबूत. आंघोळीला काढवेना, असे त्यांचे म्हणणे. इतका चांगला साबण असा अंगाला लावून संपवायचा? त्यांनी तो कपाटात लोकरीच्या कपड्यांत ठेवला होता. मग ओशाळून त्यांनी आणखी एक पिशवी काढली. तीत जुने साबण होते. गेल्या वर्षीचे, त्याच्या आदल्या वर्षीचे. दर महिन्याला नेमाने घेतलेले आणि नेमाने जपून ठेवलेले.

"मग तुम्ही आंघोळ कशाने करता?" सूनबाईंनी विचारले.

मास्तरांनी बाजारातल्या एका स्वस्त वडीचे नाव घेतले.

सासूबाईंना कुठे फार हिंडावे लागलेच नाही. मास्तरांनीच जाता-येता चार दारांत सांगितले होते, दुकान बंद होत नाहीये, मोठं होतंय. माणसे आपण होऊन येऊ लागली. कोणी साबण उशाखालून आणला, कोणी पुस्तकांच्या मागून, कोणी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कोऱ्या टॉवेलच्या घडीतून. हाताने केलेल्या साबणाचे हे एक मोठे दुःख आहे: तो ज्याला आवडतो, तो त्याला पाणी लागू देत नाही. धंद्याला हे वाईट, पण त्या संध्याकाळी धंदा त्यावरच तरला. परत देताना माणसे रडवेली नव्हती, उलट खूश होती. काहींनी तर पुढच्या महिन्यात नवा द्या, असे सांगून ठेवले.

चिरंजीव मध्येच नाहीसे झाले होते. ते एक मोठे खोके घेऊन आले आणि काही न बोलता बायकोसमोर ठेवले. सूनबाईंनी वरची वेष्टने ओळखली. ती त्यांनी स्वतःच बांधली होती. पत्ते वाचले. नाव वाचले. मग नवऱ्याकडे पाहिले, बराच वेळ.

"चांदणी?" त्या म्हणाल्या.

"वास खरंच चांगला आहे," चिरंजीव म्हणाले.

मेणबत्तीवाल्यांनीही आपला झिजलेला साबण बशीत घालून आणला. हा कशाला, असे कोणीतरी म्हटले. पण सूनबाईंमधली विक्रेती आतापावेतो जागी झाली होती. हा गाळ्याच्या दर्शनी भागात ठेवायचा, त्या म्हणाल्या. हात धुऊन बघायला. मेणबत्तीवाल्यांची छाती फुगली. आपला साबण प्रदर्शनात जातोय, असे त्यांनी घरी फोन करून सांगितले.

मांडण्या भरत गेल्या. हिरवे, पिवळे, खरखरीत. मग सगळे काउंटरभोवती बसून पट्ट्या चढवू लागले. सासूबाईंनी एक पट्टी उचलली, हात लांब करून वाचली आणि साबणावर सरकवली. 'पहाटेची कुजबुज' पिवळ्यावर गेली. आत्याने तोंड उघडले आणि मिटले. आयुष्यात पहिल्यांदाच तिने दिसलेली चूक सोडून दिली, आणि त्याचा तिला इतका त्रास झाला की पाणी मागावे लागले.

"आई," सूनबाई हातातली पट्टी खाली ठेवत म्हणाल्या, "पुन्हा मी काही ठरवलं, आणि ते तुमच्या जिवाला लागलं, तर भांडाल ना माझ्याशी?"

शटर अर्धे खाली ओढलेले. सगळे साबण एका वेळी, एका खोलीत. सासूबाईंचे डोळे भरून वाहत होते, सूनबाईंचे वाहत होते, चिरंजीव दुसरीकडे पाहत होते, आणि मास्तर, आत्या, मेणबत्तीवाले सगळेच रुमाल शोधत होते. सासूबाईंनी सुनेचा हात धरला. त्यांना काहीतरी मोठे बोलायचे होते, हे दिसत होते. सगळे थांबले.

"भांडेन," सासूबाई म्हणाल्या. "पण आधी ती खिडकी उघड. वासाने डोळे चुरचुरतायत."